आंटींनी सांभाळलेला क्लब

आमच्या घरमालकीणबाईंना ऑफसाइड म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नाही. तरीही इंग्लंडातल्या एका चौथ्या दर्जाच्या फुटबॉल क्लबाची तिजोरी त्यांनी जवळजवळ चार वर्षं सांभाळली, आणि तीही विरारजवळच्या नंदाखालमधल्या आपल्या हॉलमध्ये बसून, एका बाजूला येशूच्या तसबिरीपुढचा लाल दिवा आणि दुसऱ्या बाजूला सोलायच्या लसणाची परात ठेवून. क्लब खरा नव्हता, कॉम्प्युटरवरच्या खेळातला होता. पण हे त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. मी एकदाच बोललो, तर म्हणाल्या, "पतपेढीतले पैसे तरी सगळे कुठे कपाटात असायचे, सर? कागदावरच होते की."

आणि मी तर बुककीपिंगचा मास्तर. मी तेव्हा विरारच्या एका ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवायचो. कराडकडचा माणूस, इकडे ओळखपाळख कोणाची नाही. स्टाफरूममधल्या एकाने ही खोली सुचवली. केळी आणि नारळाच्या वाडीत दुमजली घर, खाली या एकट्या, वर मी. त्या मला पहिल्या दिवसापासून 'सर' म्हणत आणि मी त्यांना आंटी. वय साठीच्या पुढे, अंग काटक, केसांचा घट्ट अंबाडा. गावच्या पतपेढीत एकतीस वर्षं कॅशियर होत्या. पहिल्या महिन्याचं भाडं मी दिलं तेव्हा त्यांनी नोटा तीनदा मोजल्या, पावती फाडली आणि मग हसून बशीत दोन सुकेळी, म्हणजे इकडची वाळवलेली केळी, ठेवली. त्याआधी हसल्या नव्हत्या.

क्लब त्यांच्याकडे आला तो मुलामुळे. हा खेळ पायांनी खेळायचा नसतो आणि फार बोटं चालवायचाही नसतो. त्यात तुम्ही क्लबाचे मॅनेजर असता. खेळाडू घ्यायचे, विकायचे, पगार ठरवायचे, वर बसलेल्या संचालकांची मर्जी राखायची. सामने मशीन आपलं आपण खेळतं. मुलगा कॉलेजात असल्यापासून हा एकच क्लब चालवत होता आणि त्याने तो तळातून वर आणला होता. वडील वारले, त्यानंतर सहा महिन्यांनी त्याचे कॅनडाचे कागद आले. जाताना तो आईला म्हणाला, "मम्मी, हे फक्त चालू ठेव. मी आलो की बघतो." आंटींच्या भाषेत याचा अर्थ एकच होता. पोराने ठेव ठेवली आहे, आणि ती मागायला येईल तेव्हा व्याजासकट परत करायची आहे.

रोज सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग वाडीत पाणी सोडणं, मग दहा वाजता ड्युटी. ड्युटी हा त्यांचाच शब्द. ड्युटीला बसताना मनगटावर घड्याळ बांधायच्या, एरवी नाही. माऊसशेजारी त्यांनी पतपेढीतली स्पंजची डबी आणून ठेवली होती. नोटा मोजणाऱ्याचं बोट ओल्या स्पंजावर जातं, तसं त्यांचं बोट आधी स्पंजावर जायचं आणि मग बटण दाबायचं. माऊस त्यामुळे दोनदा बिघडला. तिसरा मीच आणून दिला आणि डबी जरा लांब सरकवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जागेवर होती.

क्लबाच्या हिशेबात त्यांना पहिला धक्का बसला तो पगाराचा. "आठवड्याला पगार? मग महिनाअखेर हे लोक करतात काय?" दुसरा धक्का पीएफचा. क्लबात छत्तीस वर्षांचा एक गोलकीपर होता, दर हंगामाला तो सोडून द्यावा असा सल्ला मशीन देई. आंटींनी मला खालून हाक मारली. "सर, ह्याचा पीएफ कुठे दिसतो बघा." मी सगळी पानं उलटून सांगितलं की या खेळात पीएफ नसतो.  त्या म्हणाल्या, "पीएफ नाही, आणि ह्या वयात घरी पाठवायचं?" त्यांनी त्याचा करार दोन वर्षांनी वाढवला. गोलकीपरला उडी मारता येत नव्हती, पण त्याची बायकापोरं उपाशी राहिली नाहीत, याचं समाधान त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

सामने त्या बघत नसत. सामना लागला की खुर्ची फिरवून पाठ करायच्या आणि लसूण सोलायला घ्यायच्या. "आपली पोरं पडताना कशाला बघायची?" निकाल लागल्यावर वळून फक्त तिकीटविक्री किती झाली तेवढं वाचायच्या. घरच्या मैदानावर सात गोल खाल्ले त्या दिवशीही "गर्दी बरी होती" म्हणाल्या. एकदा खेळातल्या चेअरमनला मैदान मोठं करण्यासाठी कर्ज काढायची हुक्की आली. तो निरोप मी वाचून दाखवला तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच. "कशाला? आहेत त्या खुर्च्या भरत नाहीत आणि याला नव्या पाहिजेत! आमच्या पतपेढीत पण असाच एक चेअरमन होता. त्याला ऑफिसात एसी पाहिजे होता." मशीनमधल्या त्या चेअरमनवर त्यांनी कायमचा राग धरला. पुढे त्याचं काहीही आलं की आधी तोंड वाकडं करत आणि मग वाचत.

हिशेब मात्र चोख. एका जाड रजिस्टरात डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. मशीन स्वतःच सगळा हिशेब दाखवतं हे मी त्यांना पटवायचा प्रयत्न केला. "मशीनने दाखवलेलं मशीनचं," त्या म्हणाल्या, "माझं मला नको?" मी माझ्या पोरांना वर्गात तेरीजपत्रक शिकवताना त्या रजिस्टरातली मांडणी न सांगता वापरत असे. माझ्या पुस्तकापेक्षा ती सोपी होती.

आता त्यांच्या चुकीबद्दल सांगतो. चूक हिशेबात नव्हती.

या खेळात खेळाडूंनाही मन असतं. चांगला खेळू लागला की त्याला मोठ्या क्लबाचं बोलावणं येतं आणि मग तो मॅनेजरकडे येऊन सांगतो, मला जायचंय. आंटींकडे असा कोणी आला की त्या पाच मिनिटंसुद्धा घेत नसत. बाजारभाव बघायच्या, आलेली रक्कम त्याहून कमी नाही ना एवढं तपासायच्या, आणि सोडायच्या. रजिस्टरात त्याचं नाव, रक्कम, आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द: जायचे म्हणाला. पैसे साठत गेले. खेळाडू जात राहिले. त्यांच्या जागी आंटी दुसरे घेत, पण कोणते? ज्यांना कुठल्याच क्लबाने ठेवलं नाही असे. तेहतीस वर्षांचा एक पुढचा खेळाडू त्यांनी घेतला, कारण तो "आठ महिने घरी बसलाय बिचारा". खात्यात कधी नव्हे एवढी शिल्लक झाली आणि क्लब एक पायरी खाली उतरला.

मला त्यातला फुटबॉल फारसा कळत नसला तरी एवढं कळत होतं. तिसऱ्या वर्षी क्लबात एक एकोणीस वर्षांचा पोरगा तयार झाला होता. अगदी लहानपणापासून तिथेच वाढलेला. आंटी त्याला 'आपला लांबट' म्हणायच्या. संघात गोल करणारा तो एकटाच. एका शनिवारी मी दुपारचा घरी होतो, तेव्हा लांबटचा निरोप आला. त्यालाही जायचं होतं.

"आंटी, याला सोडू नका," मी म्हटलं. "हे बघा, इथे तीन पर्याय आहेत. विका, नाही म्हणा, किंवा त्याच्याशी बोला. बोललं की थांबतात कधीकधी. नुसतं 'थांब, तुझी गरज आहे' एवढं म्हणायचं."

त्यांचं बोट स्पंजावर गेलं आणि तिथेच राहिलं.

"थांब म्हटलं की थांबतात, सर," त्या म्हणाल्या. "तोच तर घोटाळा असतो."

मग त्यांनी मला त्यांच्या नवऱ्याची गोष्ट सांगितली. तो फिटर होता, हात फार चांगला. मुलगा वर्षाचा असताना त्याला बहारीनहून नोकरीचं पत्र आलं. गावातले चारजण गेले होते, त्यांची घरं स्लॅबची झाली होती. आंटींनी त्याला एका रात्रीत थांबवलं. रडल्या, पोर त्याच्या मांडीवर ठेवलं, म्हणाल्या, नका जाऊ. तो गेला नाही. पुढे फिटरचं कामही सुटलं आणि त्याने वाडीच केली. कधी टोचून बोलला नाही, दारूला लागला नाही, हात उगारला नाही. "फक्त संध्याकाळी विहिरीच्या काठावर बसायचे," आंटी म्हणाल्या. "वरून विमान गेलं की मान वर. दिसेनासं होईपर्यंत. पंचवीस वर्षं ते विमान बघत होते, सर, आणि मी त्यांना बघत होते. मी त्यांना विचारायची, काय बघता? म्हणायचे, काही नाही गं."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. घड्याळात बघितलं, ड्युटीची वेळ संपत आली होती. "आता मी कोणाला थांब म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "जायचंय तर जावं. निदान इथे बसून विमानं तरी बघणार नाहीत." आणि त्यांनी लांबटला सोडला. चांगल्या रकमेला गेला तो.

मी वर खोलीत जाऊन बराच वेळ वह्या तपासत बसलो, पण एकही नीट तपासली गेली नाही. मला माझी आई आठवत होती. मी विरारला निघालो तेव्हा तिने एवढा गोंधळ घातला होता की मी वैतागून एक दिवस आधीच निघालो होतो.

लांबट गेल्यावर क्लबाची पडझड थांबेना. संचालकांचे निरोप यायला लागले, एकापेक्षा एक कडक. मी ते मराठीत सांगायचो. "आंटी, वरचे नाराज आहेत."

"खात्यात एवढी शिल्लक कधी होती का त्यांच्या? नाराज कशाला होतील?"

"त्यांना क्लब जिंकायला हवाय."

"जिंकेल की. पोरगा आला की जिंकवेल. मी काय, पैसे सांभाळायला बसलेय."

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. खेळात मॅनेजर म्हणून नाव त्यांच्या मुलाचं होतं. सगळे निरोप त्याच्या नावाने येत. आंटी स्वतःला त्याच्या गैरहजेरीत खुर्चीवर बसलेली कारकून समजत होत्या.

चौथ्या वर्षी प्रायश्चित्त काळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासांच्या दिवसांत, ते घडलं. त्या काळात आंटी चहा सोडायच्या. मी दुपारी कॉलेजातून आलो, तर त्या हॉलमध्ये बसल्या होत्या आणि घड्याळ मनगटावरून उतरवून टेबलावर ठेवलं होतं. पडद्यावर त्यांच्या मुलाचं नाव होतं आणि खाली चार ओळी. त्याला कामावरून दूर करण्यात आलं होतं. आजवरच्या सेवेबद्दल क्लब त्याचा आभारी होता.

"मी वाचलंय ते," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचून दाखवू नका."

मी शेजारी स्टुलावर बसलो.

"कामावरून काढलं, सर. माझ्या पोराला. त्याने एवढी वर्षं घालवली त्यात, आणि मी त्याचं नाव घालवलं."

मला एकदम सुचलं आणि हायसं वाटलं. या खेळात जागोजागी प्रत जतन होते. लांबट जाण्याआधीची प्रत उघडली की हे घडलेलंच नसतं. लांबट परत येतो, क्लब परत येतो, नोकरी परत येते. मी उत्साहाने त्यांना ते समजावलं. इथे दाबायचं, बस्स. एका मिनिटाचं काम.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पतपेढीत त्यांच्या हाताखालचे लोक त्यांना का घाबरत असतील ते मला समजलं.

"मागच्या तारखेला जाऊन लिहायचं?"

"लिहायचं नाही हो, आंटी, फक्त—"

"एकतीस वर्षांत मी एक एन्ट्री मागच्या तारखेला घेतली नाही, सर. त्या चेअरमनने घ्यायला सांगितली होती, तेव्हासुद्धा नाही. बदली केली त्याने माझी गोदामावर, सहा महिने. आणि तुम्ही, पोरांना हिशेब शिकवणारे तुम्ही, मला हे सांगता? चूक झाली की ती दिसली पाहिजे. खाली लाल शाईने दुरुस्त करायची. खोडायची नाही."

मी मान खाली घातली. लाज वाटली हे खरं, आणि रागही आला. अहो, खेळ आहे! एक बटण दाबलं असतं तर या बाईच्या घशाखाली घास उतरला असता. पण नाही. त्यांनी रजिस्टर काढलं, लाल पेन घेतलं, तारीख घातली आणि लिहिलं: मॅनेजरला कामावरून काढले. चूक माझी. खाली सही केली. शिल्लक एका पैशाने चुकलेली नव्हती.

त्यानंतर आठ-दहा दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. उपासाचे दिवस असल्यामुळे शेजारपाजारच्यांना ते भक्तीचं वाटलं. मला खरं माहीत होतं. शेवटी मी त्यांना न सांगता मुलाला फोन लावला.

तो आधी घाबरला, आईला काही झालं का म्हणून. मग मी सांगितलं तसं हसायलाच लागला. "सर, अजून चालूये ते? मला तर क्लबाचं नावही आठवत नाही." मग हसू आवरून म्हणाला, "खरं सांगू का? पप्पा गेल्यावर ती दिवसभर नुसती बसून असायची. तिला काहीतरी सांभाळायला लागतं. म्हणून मी ते तिच्या गळ्यात मारलं. ती इतकं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं."

  मग त्याने विचारलं, "ती कधी म्हणते का हो, मी परत यावं असं?"

"नाही," मी म्हटलं. "तसं कधी बोलल्या नाहीत."

हे खरं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. विमानाची गोष्ट माझ्या जिभेवर होती, पण वाटलं, आपण भाडेकरू, मायलेकरांच्या मधे आपण कशाला तोंड घालायचं? उद्या त्यांना कळलं की मी त्यांच्या घरातलं कॅनडाला सांगत बसतो, तर? फोन ठेवला आणि स्वतःच्या समजूतदारपणावर मी खूश होतो. मी वर्गात पोरांना सांगतो की ताळेबंदातला प्रत्येक आकडा बरोबर असूनही ताळेबंद फसवा असू शकतो. सांगताना मला आजकाल तो फोन आठवतो.

आंटी मात्र अजून दहा वाजता मशीनपुढे बसत. खुर्ची गेली होती, पण बाहेरून क्लबाचे आकडे बघता येत. त्यांच्या जागी आलेल्या नव्या मॅनेजरने एका हंगामात सगळी शिल्लक उडवली. नऊ खेळाडू घेतले, कर्ज काढलं. आंटी रोज त्याच्या नावाने बोटं मोडत. हंगाम संपला आणि तो क्लब वरच्या पायरीवर गेला. त्या दिवशी त्यांनी मला हाक मारून दाखवलं. "वर गेला, सर," म्हणाल्या. "माझ्याने नसतं झालं." एवढं बोलून त्यांनी लसणाची परात उचलली.

त्या नाताळात मुलगा आला. बायको आणि तीन वर्षांची मुलगी बरोबर. घर एकदम भरलं. आंटींच्या नातेवाइकांची रीघ लागली, त्यांची आपसातली घरची बोली मला निम्मी कळायची, हसणं मात्र सगळं कळायचं. मलाही जेवायला खालीच बोलावलं होतं. आंटी या सगळ्यात होत्या आणि नव्हत्या. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि त्या वेळ शोधत होत्या.

सणाच्या दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्या कपाटातून रजिस्टर घेऊन आल्या. मनगटावर घड्याळ होतं. मुलगा सोफ्यावर लोळत होता, त्याच्यासमोर त्या उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

"तू क्लब ठेवला होतास माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "तो राहिला नाही. पैसे सगळे होते, पण क्लब राहिला नाही. तुला काढून टाकलं त्यांनी. चूक माझी."

मुलाला क्षणभर काही समजलंच नाही. मग त्याने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि उठून आईला मिठीत घेतलं. "मम्मी! वेडी की काय तू? गेम आहे गं तो. डिलीट करायचा, दुसरा सुरू करायचा. तुला नवा घेऊन देऊ का?" सगळे हसले. त्याची बायको हसली, आतेबहिणी हसल्या. मीही हसलो, हे लिहून ठेवायला हवं.

आंटीही हसल्या. "हो रे, गेमच तो," म्हणाल्या, आणि पोरीला भरवायचं राहिलंय म्हणून आत गेल्या. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा त्या ओट्याशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. नळ सुरू होता आणि खाली भांडं नव्हतं.

मुलगा परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ड्युटी बंद. मशीनवर क्रोशाचं कव्हर पडलं. दहा वाजता आंटी पायरीवर बसून वाडीकडे बघत राहायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "काम नाही हो आता." त्या नवा खेळ सुरू करतील अशी मला वेडी आशा होती. एकदा तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या, "कोणाचा सांभाळू?"

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि मी बोळिंजला फ्लॅट घेतला. सांगायला गेलो तर तोंडभर आशीर्वाद दिले, सुकेळ्यांचा पुडा दिला, राहिलेल्या अकरा दिवसांचं भाडं मोजून परत केलं. मी नको नको म्हणत होतो. जायच्या दिवशी त्या फाटकापर्यंत आल्या आणि माझ्या टेम्पोवाल्याला सामान नीट ने म्हणून दटावलं. बोळिंज ते नंदाखाल म्हणजे रिक्षाने जेमतेम पाव तास. आठ-नऊ महिन्यांत मी दोनदा गेलो.

आंटी पुढच्या फेब्रुवारीत गेल्या. मिस्साहून येताना चक्कर आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपल्या होत्या. मुलगा येईपर्यंत दफन थांबवलं होतं. चर्च भरलं होतं. पतपेढीतले जुने लोक रांगेत उभे होते, आणि एक थकलेला माणूस मला म्हणाला, "बाईंनी आमच्या कॅशमध्ये कधी चार आण्याचा फरक येऊ दिला नाही." मुलगा रडत नव्हता. सगळ्यांशी नीट बोलत होता, चहाची व्यवस्था बघत होता.

दहाव्या दिवशी सकाळी त्याने मला बोलावून घेतलं. संध्याकाळी त्याचं विमान होतं. घराची किल्ली एका चुलत्याकडे द्यायची होती, आणि कॉम्प्युटर कॉलेजातल्या एखाद्या गरजूला देता येईल का, हे मला विचारायचं होतं. हॉलमध्ये बॅगा भरलेल्या होत्या. कव्हर काढलं, तर मशीनजवळ ते रजिस्टर. त्याने ते सहज उघडलं आणि उभ्याउभ्या चाळायला लागला. मग बसला.

त्याचं बोट शेऱ्याच्या रकान्यावरून खाली सरकत होतं. तेवीस नावं होती. जायचे म्हणाला. जायचे म्हणाला. जायचे म्हणाला.

"सगळ्यांना सोडलं हिने?" तो म्हणाला. "एकालाही थांबवलं नाही?"

"नाही."

"गेममध्ये थांबवता येतं, सर. मी किती जणांना थांबवलं होतं." तो पान उलटेना. "माझे कागद आले तो रविवार होता. जेवताना सांगितलं. ती भात वाढत होती. म्हणाली, 'जा.' हात थांबलासुद्धा नाही तिचा. मी पंधरा दिवस तिकीट काढलं नव्हतं. रोज वाटायचं, आज म्हणेल, नको जाऊस. एकदा जरी म्हणाली असती ना... मला वाटलं, हिला काही वाटतच नाही. मी तुम्हालाही विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ती तसं बोलत नाही."

तेव्हा मी सांगितलं. बहारीनचं पत्र, मांडीवर ठेवलेलं पोर, विहिरीचा काठ, पंचवीस वर्षं. जे फोनवर सांगायला दोन मिनिटं लागली असती ते सांगायला मला फार वेळ लागला. 

"मांडीवरचं पोर म्हणजे मी," शेवटी तो म्हणाला.

मी हो म्हटलं. आता तो रडत होता. मोठ्याने नाही, रजिस्टर छातीशी धरून, खाली बघत. बाहेर रिक्षा येऊन थांबली होती. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे बोलायला हवं होतं ते या घरात इतकी वर्षं कोणी बोललं नव्हतं.

"थांबा ना दोन दिवस," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं.

"आता कोणासाठी, सर?" असं म्हणून त्याने बॅग उचलली.